नगरसनद आणि मतदार

फिओरेलो ला गार्दिया १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मले. एलिस बेटावर स्थलांतरितांसाठी दुभाषाचे काम करीत ते वकील झाले आणि १९३४ मध्ये महापौर. टॅमनी हॉल या पक्षयंत्रणेने नगरशासन ग्रासले होते. १९३६ मध्ये नागरिकांनी थेट मतदानाने नवी नगरसनद स्वीकारली. नगर परिषदेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वही मान्य केले. छोट्या पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळू लागल्या. सप्टेंबर १९४७ मध्ये ला गार्दिया निवर्तले. नोव्हेंबरमध्ये, साम्यवाद्यांचे भय दाखविले गेल्यावर, मतदारांनीच ती पद्धत रद्द केली. १९४९ मध्ये २५ पैकी २४ जागा एकाच पक्षाकडे गेल्या. सुधारणेचा अधिकार मतदाराला दिला, की ती मोडण्याचाही दिला जातो. म्हणून सुधारकाने कायद्याइतकीच लोकशिक्षणाची चिंता वाहिली पाहिजे.