पाच वेळा दिल्लीला पाठवलं, सहाव्यांदा घरी बसवलं : प्रा. मधू दंडवते आणि राजापूरचा मतदार

कोकण रेल्वेचा विषय निघाला की प्रा. मधू दंडवते यांचं नाव निघतंच. पण एक गोष्ट आजच्या तरुण पोरांना सहसा माहीत नसते. ज्या वर्षी कोकण रेल्वेचं काम खऱ्या अर्थाने मार्गी लागलं, त्याच्या पुढच्याच वर्षी राजापूर मतदारसंघाने दंडवतेंना पाडलं. तेही सलग पाच वेळा निवडून दिल्यानंतर.

दंडवते मूळचे कोकणातले नव्हेत. जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. मुंबईत भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाले आणि सिद्धार्थ कॉलेजात तोच विषय शिकवू लागले. नावामागचं प्रा. तिथलं. बेचाळीसच्या चळवळीत होते, पुढे समाजवादी पक्षात गेले. १९५५ साली गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाऊन परतले.

राजापूरला ते आले ते बॅ. नाथ पै यांच्या जागेवर. नाथ पै १९५७ पासून इथले खासदार. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात ते अचानक गेले आणि सारा मतदारसंघ पोरका झाल्यासारखा झाला. दोन महिन्यांत लोकसभेची निवडणूक होती. समाजवाद्यांनी दंडवतेंना उभं केलं. देशभर इंदिरा गांधींची हवा असताना राजापूरपासून सावंतवाडीपर्यंतच्या लोकांनी हा नगरचा प्रोफेसर निवडून दिला. त्यात नाथ पैंची पुण्याई मोठी होती, हे मान्य करायला हवं. पण पुढची चार वेळची मतं काही पुण्याईवर मिळत नाहीत.

आणीबाणी आली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. तिथेच २६ जून १९७५ ला अटक झाली आणि तिथल्याच तुरुंगात त्यांना ठेवलं. वाजपेयी, अडवाणीही त्याच तुरुंगात. पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. १९७७ मध्ये सुटून आले, निवडून आले आणि मोरारजी देसाईंच्या सरकारात रेल्वेमंत्री झाले.

रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी केलेलं एक काम आजही रोज लाखो माणसांच्या पाठीखाली आहे. तोवर दुसऱ्या वर्गाच्या डब्यात झोपायला लाकडी फळी असायची. रात्रभराच्या प्रवासात पाठीची काय गत होत असेल, ते जुन्या माणसांना विचारावं. दंडवतेंनी त्या फळीवर दोन इंच जाडीची गादी बसवायला लावली. मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाली, तिच्यात पहिला वर्गच नव्हता. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं. आणि १९७८ मध्ये आपटा ते रोहा या ६२ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली. कोकणात गाडी नेण्याचं ते पहिलं पाऊल.

पण ते पाऊल किती हळू पडलं बघा. १९७९ मध्ये सरकार पडलं, मंत्रिपद गेलं. ६२ किलोमीटर रूळ टाकून रोह्याला गाडी पोचायला १९८६ उजाडलं. रोह्यापासून राजापूर अजून दोन-अडीचशे किलोमीटर खाली. इथल्या माणसाच्या नशिबी एसटीचा खडखडाट होताच. मुसाकाझी, विजयदुर्गला लागणारी बोट होती, तीही पावसाळ्यात बंद. आजारी माणसाला मुंबईच्या इस्पितळात न्यायचं म्हणजे घाट, वळणं आणि अख्खी रात्र.

तरीही १९८० ला लोकांनी त्यांना निवडलं. १९८४ ला तर इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत देशभर जनता पक्षाला फक्त १० जागा मिळाल्या, त्यातली एक राजापूरची होती. १९८९ लाही तेच निवडून आले.

पण वरून भरभक्कम दिसणारं हे घर आतून पोखरत होतं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि त्यातले पुष्कळ आपल्याच भागातले. कोकणातली चूल मनीऑर्डरवर पेटायची, ती मनीऑर्डर थांबली. लालबाग-परळच्या चाळीत बेकार बसलेली पोरं शिवसेनेच्या शाखेत जमू लागली. गणपतीला, शिमग्याला हीच पोरं गावी यायची आणि येताना शाखा बरोबर आणायची. इकडे समाजवाद्यांचे जुने कार्यकर्ते, सेवादलातले मास्तर लोक, म्हातारे होत चालले होते. नवीन पोरगा त्यांच्याकडे फारसा वळत नव्हता. पक्षाचं नावही सारखं बदलायचं. आधी प्रजा समाजवादी, मग जनता, मग जनता दल. दरवेळी चिन्ह नवं, मतदाराला समजवायचं नव्याने. १९९० च्या विधानसभेला कोकणात सेनेने मुसंडी मारली. मालवणातून नारायण राणे पहिल्यांदा आमदार झाले ते तेव्हाच. मालवण दंडवतेंच्याच मतदारसंघात येत होतं.

त्याच वेळी दिल्लीत दंडवते सगळ्यात मोठ्या जागी होते. डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारात ते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पैशाची किल्ली आणि रेल्वे, दोन्ही कोकणाचं दुखणं जाणणाऱ्यांच्या हातात. केंद्र आणि चार राज्यांनी मिळून भांडवल घालायचं ठरलं, जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. त्याच वर्षीच्या बजेटात दंडवतेंनी शेतकऱ्यांचं १० हजारांपर्यंतचं थकीत कर्ज माफ केलं. त्याचा गाजावाजा देशावर जास्त झाला. कोकणातला गुंठ्या-गुंठ्यांचा भातशेतीवाला बँकेच्या दारात मुळात कमीच जायचा, त्यामुळे त्याच्या पदरात फार काही पडलं नाही.

नोव्हेंबर १९९० मध्ये तेही सरकार कोसळलं. मंडल आणि मंदिर यांच्या ओढाताणीत जनता दल फुटला. १९९१ च्या निवडणुकीत मतदार बूथवर गेला तेव्हा रेल्वे कुठे होती? कागदावर, आणि मोजणीवाल्यांच्या खुंट्यांवर. रुळाखाली कुणाची वाडी जाणार, कुणाची कलमं तुटणार याची धास्ती होती. गाडीची शिट्टी ऐकू यायला आणखी काही वर्षं होती. २० वर्षं एकाच गोष्टीची वाट बघितलेल्या माणसाला पायाभरणी ही पुन्हा एक पायाभरणीच वाटते. त्यात खासदार दिल्लीत आणि मुंबईत, गावच्या पाण्याला, रस्त्याला हाक मारली की येणारा माणूस दुसराच. ही नाराजी खोटी म्हणता येणार नाही. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली आणि सहानुभूतीचं वारं काँग्रेसकडे फिरलं. बिगरकाँग्रेसी मतात सेना वाटेकरी झालीच होती. लष्करातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. दंडवते पडले.

त्यानंतर राजापूरने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं नाही. १९९६ पासून तिथून सेनेचे सुरेश प्रभू जिंकत गेले. दंडवते मात्र १९९६ ते १९९८ दिल्लीत नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि त्याच काळात, जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मग चाकरमानी रात्री मुंबईला बसून सकाळी गावच्या स्टेशनावर उतरू लागला. गणपतीचं आरक्षण मिळत नाही म्हणून आपण आता भांडतो, तेव्हा भांडायला गाडीच नव्हती.

प्रमिलाताई आधी गेल्या. दंडवते कर्करोगाने १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. २००९ च्या निवडणुकीपासून राजापूर लोकसभा मतदारसंघही उरला नाही, तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेला.