सेनापती बापट आणि मुळशीची माणसे

मुलांनो, पुण्याहून पौडच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघालात की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. पुढे मुळशीला पोहोचलात की डोंगरांच्या मधोमध पसरलेला एक मोठा जलाशय दिसतो. पावसाळ्यात सहलीला येणारी माणसे ते पाणी पाहून खूश होतात. तुम्हीही व्हाल. पण या पाण्याखाली एकेकाळी भाताची खाचरे होती, घरे होती, माणसांचा राबता होता. ती माणसे गाव सोडायला तयार नव्हती. त्यांच्या बाजूने उभे राहून एका माणसाने सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. त्यांचे नाव पांडुरंग महादेव बापट.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. (या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात.) घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा फार हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले आणि १९०४ मध्ये शिष्यवृत्ती, म्हणजे वजीफा, मिळवून इंजिनिअरिंगसाठी स्कॉटलंडमधील एडिंबरोला गेले. गावातला हुशार मुलगा आजही असाच बाहेर पडतो. शिकण्याची संधी दिसते, कोणीतरी मदतीचा हात देतो आणि तो निघतो. त्याचे घर मात्र मागे जागेवरच असते. मन रमले नाही तर परत येता येते.

एडिंबरोत बापटांनी इंग्रज सरकारवर उघड टीका केली आणि शिष्यवृत्ती बंद झाली. मग ते पॅरिसला गेले. तेथे हेमचंद्र दास आणि हैदराबादचे मिर्झा अब्बास यांच्याबरोबर त्यांनी बाँब तयार करण्याची विद्या शिकून घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर काही वर्षे लपून राहावे लागले, अटकही झाली. सुटल्यावर ते पारनेरला आले. विलायतेत शिकलेला हा माणूस हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडत असे.

आता मुळशीकडे येऊ.

मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटा कंपनीने ठरवले, की मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे आणि ते पाणी सह्याद्रीखाली कोकणात, भिरा येथे सोडून वीज तयार करायची. सरकारने त्यासाठी जमिनी सक्तीने घेण्याचे ठरवले. सुमारे पन्नास गावांवर संकट आले. या भागातील शेतकऱ्यांना मावळे म्हणतात. शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते ते यांचेच पूर्वज. आंबेमोहोर भात पिकवणारी ही साधी माणसे.

सरकार म्हणत होते, भरपाई घ्या आणि दुसरीकडे जा. तुम्हाला वाटेल, मुआवजा मिळत होता, मग का गेले नाहीत? जरा विचार करा. पैसे घेऊन एक घर उठेल. पण लावणीला एकमेकांच्या शेतात येणारे शेजारी, लेक दिलेले पलीकडचे गाव, अडीअडचणीला धान्य उसने देणारा भाऊबंद, हे सगळे बरोबर कसे न्यायचे? उर्दूत वतन म्हणजे आपला देश, आपली जन्मभूमी. मराठीत वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जमिनीचा किंवा मानाचा हक्क. शब्द एकच, अर्थ वेगळे. मुळशीत ते दोन्ही अर्थ एकत्र आले होते.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. मावळा ती जमीन कसत होता, पण भरपाई मिळणार होती मालकाला. त्यामुळे सावकार पुढे तडजोडीला तयार झाले. कुळाच्या हाती काय राहणार होते?

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बायका आणि मुलेसुद्धा धरणाच्या जागी येऊन बसली. काम थांबले. विनायकराव भुस्कुटे आणि बापट हे या लढ्याचे पुढारी. ‘सेनापती’ हे नाव बापटांना मुळशीनेच दिले. पण कंपनीने काम पुन्हा सुरू केले. धरपकड झाली, बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. हळूहळू लोक थकले, काहींनी भरपाई घेतली. त्यांना दोष देता येणार नाही, घरात लेकरे होती. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची आगगाडी अडवली. पिस्तुले झाडली गेली, माणसे जखमी झाली. बापट पळाले नाहीत. हा मार्ग मला पटत नाही, कारण त्या गाडीवरची माणसेही पोटासाठीच आली होती. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्याची वीज सुरू झाली.

गावे उठली. कोणी त्याच डोंगरावर जरा वर सरकून झोपडी बांधली, कोणी सोयऱ्यांच्या गावी गेले, कोणी मुंबईची वाट धरली. मुंबईला जायचे तेही ओळखीनेच. मुंबईच्या डबेवाल्यांचेच पाहा. ते मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच भागांतले. गावचा एकजण आधी जातो, राहायला खोली बघतो, मग भाच्याला बोलावून घेतो. पहिल्या दिवसापासून जेवणाची पंगत गावकऱ्यांची असते. काम आणि माणसे, दोन्ही मिळाली की पाय निघतो. धरणाने उठवलेल्यांना ही निवड कोणी दिली नव्हती. गंमत पाहा, आज त्याच मुळशी तालुक्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आहेत आणि देशभरातून तरुण तेथे नोकरीला येतात. तेही बहुधा आधी आलेल्या एखाद्या मित्राच्या खोलीवर उतरतात.

बापट १९३१ मध्ये सुटले. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात त्यांच्या हस्ते तिरंगा फडकला. पुढे गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या लढ्यांतही ते म्हातारपणी उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत दादर, परळकडून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याच्या आजूबाजूला पूर्वी कापडगिरण्या होत्या.