वकील भातखंडे आणि चतुरपंडित

हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याला दहा थाट पाठ असतात, रागांचे वादी-संवादी पाठ असतात. परंतु ही मांडणी ज्यांनी केली ते पंडित विष्णु नारायण भातखंडे चाळिशी ओलांडेपर्यंत व्यवसायाने वकील होते, याची जाणीव त्याला क्वचितच असते. उपजीविका एका क्षेत्रात आणि ध्यास दुसऱ्या क्षेत्रात अशा स्थितीत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईतील वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. बालपणी बासरीचा नाद लागला. पुढे वल्लभदास यांच्याकडे सतारीचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी पांढरपेशा घरातील मुलाने गाण्याबजावण्याच्या मागे लागणे हे बिघडण्याचे लक्षण मानले जाई, आणि विद्यापीठाची पदवी ही प्रतिष्ठेची एकमेव पायरी समजली जाई. भातखंडे यांनी पदवीही सोडली नाही आणि सतारही सोडली नाही. १८८४ साली ते मुंबईच्या 'गायन उत्तेजक मंडळी' या पारशी मंडळींनी चालविलेल्या संस्थेचे सभासद झाले, १८८५ साली बी. ए. झाले, १८८७ साली एलएल. बी. झाले. परीक्षा संपल्यावर छंदाला मोकळीक द्यावी असा व्यवहारी हिशेब त्यांनी केला नाही. ऐन परीक्षांच्या वर्षांतच त्यांनी संगीताला अधिक जवळ केले.

काही काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. कामकाजातून उरलेला वेळ मंडळीकडे जाई. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदे, तर अलीहुसेन खाँ व विलायतहुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांनी घेतले. शेकडो चिजा कंठस्थ केल्या आणि लिहून ठेवल्या. मैफलीचा गवई होण्याची हौस मात्र त्यांनी कधी धरली नाही. या विद्येचा पाया काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना वकिलीने त्यांना जे दिले ते कोणत्याही गुरूला देता आले नसते. एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायिला जातो आणि दोघेही आपलेच शुद्ध म्हणून सांगतात, हा अनुभव त्या काळी प्रत्येक श्रोत्याला येई. श्रोता मान डोलावून घरी जाई. भातखंडे यांनी प्रत्येक गायकाला साक्षीदार मानले. एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहिली, प्रत्यक्ष चीज हा पुरावा मानला, आणि जुन्या संस्कृत ग्रंथातील वचनसुद्धा आजच्या गायनाशी जुळत नसेल तर ते वंदनीय ठरवूनही बाजूस ठेवले. लक्ष्य म्हणजे प्रचारातील गायन. लक्षणाने त्याच्या मागून चालावे, ही त्यांची भूमिका कायदेपंडिताची होती.

१९०० साली पत्नी निवर्तल्या. १९०३ साली एकुलती एक कन्या गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली. दुःखाच्या भरात हा गृहस्थ संगीताकडे वळला अशी हकीकत सांगण्याचा प्रघात आहे. ती हृद्य असली तरी अपुरी आहे. वीस वर्षांची सिद्धता पाठीशी नसती, तर मोकळ्या झालेल्या त्या माणसाच्या हाती रिकामा वेळच उरला असता.

१९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितर यांची भेट झाली आणि व्यंकटमखीच्या 'चतुर्दण्डिप्रकाशिका' या ग्रंथाची प्रत मिळाली. त्यातील बहात्तर मेळांच्या व्यवस्थेवरूनच दहा थाटांच्या मांडणीला दिशा सापडली. १९०७ साली नागपूर, कलकत्ता, हैदराबाद, आणि पुढच्या वर्षी अलाहाबाद, काशी, जयपूर, बिकानेर असा प्रवास झाला. कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन ठाकूर यांच्याशी चर्चा झाली. हैदराबादेत अप्पा तुलसी यांच्यासारखा संस्कृतज्ञ स्नेही लाभला. प्रश्नांची यादी खिशात, उत्तरांची टिपणे रोजनिशीत, असा सारा क्रम होता.

या साधनेचे फळ 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' या संस्कृत ग्रंथाच्या रूपाने प्रकट झाले, तेही 'चतुरपंडित' या टोपणनावाने. पाठोपाठ १९१० पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत निघाले. गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून उलगडत जाणाऱ्या या ग्रंथात चतुरपंडिताचे आधार वारंवार दिलेले आढळतात. आपल्याच ग्रंथाला प्रमाण मानून दुसरा ग्रंथ लिहिण्याची ही गंमत वाचकाने जरूर चाखावी. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्यांनी अठराशेच्या आसपास चिजा स्वरलिपीसह दिल्या. घराण्याच्या पेटीत कुलुपबंद असलेले धन त्यामुळे कोणाही विद्यार्थ्याच्या हाती आले.

मार्च १९१६ मध्ये बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे सूत्रधार भातखंडेच होते. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी राजाभय्या पूछवाले प्रभृती गायकांना त्यांच्याकडे स्वरलिपी शिकण्यास पाठविले आणि १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले. १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज निघाले; त्याला १९६६ साली भातखंडे यांचे नाव देण्यात आले.

त्यांचे सर्वच निर्णय टिकले असे नाही. दहा थाटांत न मावणारे राग आहेत, आणि स्वरलिपीत गमक व मींड यांचे मर्म उतरत नाही, हे आक्षेप रास्त आहेत. पेशेवर उस्तादांविषयी त्यांच्या लेखणीत अधूनमधून डोकावणारी अधीरताही खटकते. सुशिक्षिताचा तो अहंकार असेल; पण त्याच उस्तादांच्या चिजा त्यांनी नष्ट होऊ दिल्या नाहीत, हेही नोंदविले पाहिजे.

शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांची वाटचालही अशीच दुहेरी झाली. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतली, १९२६ साली बी. ए.ची पदवीही मिळविली आणि पुढे मॅरिस कॉलेजची धुरा वाहिली.

१९३३ साली भातखंडे यांना पक्षाघाताने अंथरुणास खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांचे निधन झाले. 'क्रमिक'चे अखेरचे भाग त्यानंतर छापून झाले.