प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर

सातारा जिल्ह्यात उंब्रज गावापाशी तारळी नदी कृष्णेला मिळते. तेथे काठावर उभे राहिले असता जो प्रवाह दिसतो, त्यात वरच्या मुलुखातील कितीतरी ओढ्यानद्यांचे पाणी एकवटलेले असते. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली वेण्णा मेढ्यावरून वाहत येऊन माहुलीच्या संगमावर कृष्णेत मिसळलेली असते. कोयना मात्र पुढे कऱ्हाडास येऊन भेटते. या वेण्णा-कोयनेच्या पाण्यात एका तरुण अध्यापकाला असा एक जीव सापडला की, त्याची वार्ता दूरदूरच्या देशांतील प्राणिशास्त्रज्ञांपर्यंत गेली. त्या अध्यापकाचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवण येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले आणि शिक्षण संपल्यावर त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी कॉलेजातील शास्त्र म्हणजे बहुतांशी पुस्तकातील शास्त्र असे. पुस्तके विलायतेत छापलेली आणि त्यांतील झाडे व प्राणीही बहुधा विलायतेतीलच. आपल्या शेजारच्या ओढ्यात काय राहते, हे पाहण्यास ओढ्यावरच जावे लागे. आघारकर तसे जात. सह्याद्रीच्या पूर्वेकडील खोरी त्यांनी पायांखाली घातली.

उन्हाळ्यात या नद्यांची धार बारीक होते आणि ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात. १९११-१२ च्या सुमारास अशा पाण्यात आघारकरांना एक अगदी पारदर्शक प्राणी तरंगताना आढळला. छत्रीसारखा आकार, कडेला बारीक तंतू, आणि मोठेपणा बोटाच्या एका पेराहून फारसा अधिक नाही. अंग आकसून व पसरून तो हळूहळू वर येई, पुन्हा खाली जाई. तो गोड्या पाण्यातील जेलीमासा होता. नावात मासा असला तरी हा मासा नव्हे. त्याला हाडेही नसतात आणि कल्लेही नसतात.

मालवणसारख्या बंदरात वाढलेल्या मुलाला समुद्रातील जेलीमाशांचे नवल ते काय! भरतीबरोबर येऊन वाळूवर पडलेले त्यांचे लिबलिबीत गोळे किनाऱ्यावरची मुले पाहतातच. परंतु समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या पलीकडे, गोड्या पाण्याच्या नदीत तो यावा हे मात्र आश्चर्य होते. शिवाय या जातीचे भाईबंद तोपर्यंत केवळ आफ्रिकेत, टांगानिकासारख्या सरोवरांत व तेथील काही नद्यांत आढळले होते. मग अरबी समुद्राच्या अल्याड, जावळीच्या खोऱ्यात, हा पाहुणा आला कोठून? असे प्रश्न एका लहानशा जिवामुळे उभे राहतात आणि त्यांची उत्तरे शोधताना भूगोल, भूगर्भ व प्राणिशास्त्र यांची एकमेकांशी गाठ पडते.

आघारकरांनी नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमकडे धाडले. तेथील प्रमुख डॉ. अ‍ॅनंडेल यांनी त्यांची तपासणी करून त्या प्राण्यास लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. नावातील दुसरा शब्द भारताचा निर्देश करतो. आघारकर तेथेच थांबले नाहीत. तो प्राणी आणखी कोठे राहतो, कोणत्या ऋतूत दिसतो, हे त्यांनी वेण्णेप्रमाणे कोयनेच्या खोऱ्यातही शोधले. नुसते सापडणे हा दैवयोगही असू शकतो. पुन्हा पुन्हा जाऊन पाहणे हे संशोधकाचे काम असते.

याच सुमारास कलकत्त्यात एक मोठी घटना घडली. प्रसिद्ध कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी १९१३ साली कलकत्ता विद्यापीठाला दहा लक्ष रुपयांची देणगी दिली. तिच्यातून चार प्राध्यापकांच्या जागा निर्माण व्हावयाच्या होत्या आणि त्या जागांवर हिंदी माणसेच नेमावीत, अशी दात्याची अट होती. देशातील वरच्या जागा इंग्रजांसाठी राखून ठेवण्याचा तो काळ. त्या चारांपैकी एक जागा वनस्पतिशास्त्राची होती आणि शेतीकडे विशेष लक्ष देऊन हे शास्त्र तेथे शिकवावयाचे होते. तिच्यासाठी आघारकरांची निवड झाली.

नव्या प्राध्यापकांनी आधी परदेशी जाऊन अधिक अभ्यास करावा असे ठरले, म्हणून १९१४ साली आघारकर जर्मनीस गेले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. भारत इंग्रजांच्या ताब्यात होता. त्यामुळे जर्मनीच्या दृष्टीने आघारकर हे शत्रूच्या राज्यातील प्रजाजन ठरले. त्यांना काही काळ स्थानबद्धतेत राहावे लागले. तिशीतला उत्साही माणूस, हाती घेतलेला अभ्यास अर्ध्यावर, घर हजारो कोस दूर आणि युद्ध केव्हा संपेल हे कोणासही ठाऊक नाही! अशा वेळी पुष्कळांचे मन खचते. आघारकरांनी मात्र अभ्यास सोडला नाही. १९१९ साली त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळविली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय मोठा मनोरंजक होता. वायव्य भारतातील रूक्ष व खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती मुळात आल्या कोठून आणि त्यांचा प्रसार होतो कसा, याचा शोध त्यांनी घेतला. झाडाला पाय नसतात, पण त्याच्या बियांना प्रवासाची अनेक साधने असतात. रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते, गोखरू शेळीच्या केसांना चिकटून पुढल्या गावी जाते, कित्येक बिया पाण्यावर तरंगत दूर पोचतात. कोणती वनस्पती कोणत्या साधनाने पसरते हे कळले की तिचा पूर्वीचा मार्गही शोधता येतो.

युद्ध संपल्यावर आघारकर कलकत्त्यास परतले आणि १९४६ सालापर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग बालीगंज भागात होता. हे शास्त्र चार भिंतींच्या आत पुरते शिकता येत नाही. विद्यार्थ्याला रानात जाऊन वनस्पती मुळासकट किंवा फुलांसह काढावी लागते. कागदाच्या घड्यांत घालून दाबावी लागते. ओलसर झालेले कागद वरचेवर बदलावे लागतात. आणि वाळलेल्या नमुन्याशेजारी स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहावे लागते. हे काम कंटाळवाणे वाटते खरे. परंतु ती एक ओळ लिहावयाची राहिली, तर एवढ्या मेहनतीने जपलेला नमुना निरुपयोगी ठरतो.

आणि शेतीचे काय? बंगालच्या शेतकऱ्यावर त्या वेळी एका सुंदर फुलाने संकट आणले होते. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. जांभळट फुलांची ही वनस्पती बंगालच्या नद्यांत व खाड्यांत इतकी माजली की होड्यांची वाट अडली आणि भातखाचरे तिने व्यापली. पंचगंगेच्या काठच्या लोकांना तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. ती उपटून टाकली तरी पुन्हा येई. तिच्या बाजूला फुटणाऱ्या धुमाऱ्यांपासून नवी रोपे होतात, हे सर्वांना दिसत होते. पण ती बी धरते काय, आणि धरत असेल तर कसे? बी चिखलात बसून राहिले, तर वरची रोपे काढून भागणार नाही. आघारकरांनी आय. बॅनर्जी या संशोधकाबरोबर तिच्या परागसिंचनाचा व बीजधारणेचा अभ्यास केला आणि तो दोघांच्या नावे १९३० साली शेतीविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९३६ साली या वनस्पतीच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये स्वतंत्र कायदाच करण्यात आला.

सेवानिवृत्त झाले तेव्हा आघारकर एकसष्ट वर्षांचे होते. स्वस्थ बसावयास कोणी हरकत घेतली नसती. पण कलकत्त्यात त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली तेथे विज्ञानाच्या संवर्धनासाठी एक संस्था उभारली होती, आणि तिच्याच प्रयोगशाळेत चंद्रशेखर रामन यांनी जगप्रसिद्ध शोध लावला होता. महाराष्ट्रात कॉलेजे होती, हुशार मुले होती. परंतु पदवी घेतल्यावर संशोधन करावे म्हटले तर तशी जागा फार थोड्यांना मिळे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था स्थापन झाली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. आरंभी संस्थेजवळ स्वतःची इमारत नव्हती. ज्या माणसाने मोठ्या विद्यापीठाचा विभाग सांभाळला, त्यानेच पुन्हा अगदी पहिल्या पायरीपासून आरंभ केला. पुणे विद्यापीठसुद्धा त्यानंतर, म्हणजे १९४९ साली अस्तित्वात आले.

२ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचे निधन झाले. तोपर्यंत चौदा वर्षे ते या संस्थेचे संचालक होते. १९९२ साली संस्थेला आघारकर संशोधन संस्था असे नाव देण्यात आले. तेथील वनस्पतिसंग्रहालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तरुण संशोधक तेथे सह्याद्रीतील वनस्पतींचा, बुरशींचा व पिकांचा अभ्यास करतात, आणि बारामती तालुक्यात होळ येथे संस्थेचे प्रयोगक्षेत्र आहे.

या संस्थेत तयार झालेल्या गव्हाच्या एका वाणाचे नाव एमएसीएस ६४७८ असे आहे. त्यातील अक्षरे जुन्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. तो सुमारे ११० दिवसांत तयार होतो आणि तांबेरा रोगाला दाद देत नाही. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात करंजखोप नावाचे गाव आहे. तेथील शेतकऱ्यांना पूर्वी हेक्टरी २५ ते ३० क्विंटल गहू होत असे. हा वाण पेरल्यावर ४५ ते ६० क्विंटल होऊ लागल्याचे २०२१ साली भारत सरकारने प्रसिद्ध केले.