डॉ. विल्यम केरी: भरंवसा आणि श्रम

मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत प्रथम इ. स. १८०५ त छापून निघालें. तें ज्यानें सिद्ध केलें त्यानें महाराष्ट्राची भूमि कधीं डोळ्यांनीं पाहिली नव्हती, आणि तरुणपणीं तो जोडे शिवून पोट भरीत असे. प्रिय वाचकहो, त्या डॉ. विल्यम केरी यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगतों.

इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सपरी नांवाचें खेडें आहे. तेथें १७ ऑगस्ट १७६१ रोजीं एका विणकराच्या घरीं केरींचा जन्म झाला. उन्हांत काम केलें कीं अंगावरील कातडी सुजे, म्हणून शेतमजुरी सुटली आणि बापानें त्यांस जोडे शिवण्याच्या धंद्यास लाविलें. चामड्याजवळ पुस्तक उघडें ठेवून त्यांनीं लॅटिन, ग्रीक व इब्री या भाषा शिकावयास आरंभ केला. पुढें ते खेड्यांतील लहान मंडळीचे पाळक झाले, परंतु पगार इतका अपुरा कीं मुलांस शिकविणें व जोडे शिवणें हीं दोन्ही कामें चालूच ठेवावीं लागलीं. आपल्यांतील पुष्कळ उपदेशक बंधूंस ही स्थिति निराळी समजावून द्यावयास नको. भिंतीवर त्यांनीं जगाचा मोठा नकाशा लाविला होता व त्यांत देशोदेशींच्या लोकांची माहिती लिहिली होती. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें थोड्या पाळकांनीं मिळून मिशन स्थापिलें, तेव्हां जमलेली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स एवढीच होती.

१७९३ च्या नोव्हेंबरांत केरी सहकुटुंब कलकत्त्यास उतरले. जवळचा पैसा लवकरच संपला. तेव्हां मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर देखरेखीची चाकरी त्यांनीं पत्करली. मिशनऱ्यानें निळीचा धंदा करावा काय, अशी शंका स्वदेशांतील कांहीं जणांस आली. परंतु मुलांच्या तोंडीं घास घालणें हेंही देवानेंच नेमिलेलें काम होतें. तेथें पीटर नांवाचा त्यांचा पांच वर्षांचा मुलगा वारला, आणि कबर खणावयास माणसें मिळण्याचीही पंचाईत पडली. पत्नी डॉरथी हिच्या मनावर परिणाम होऊन तिला वेड लागलें. तें १८०७ सालीं तिच्या मरणापर्यंत गेलें नाहीं. या बाईनें परदेशीं यावें अशी तिची मूळची इच्छाही नव्हती. केरींची स्तुति करितांना तिचें दुःख झांकून ठेवणें बरें नव्हे.

सात वर्षें एकही हिंदु मनुष्य प्रभूकडे वळला नाहीं. १८०० सालीं केरी, मार्शमन व वॉर्ड हे श्रीरामपूर येथें एकत्र राहूं लागले, आणि त्याच वर्षाच्या २८ डिसेंबर रोजीं कृष्ण पाल नांवाच्या सुतारानें गंगेच्या पात्रांत बाप्तिस्मा घेतला.

पुढल्याच वर्षीं फोर्ट विल्यम कॉलेजांत केरींस बंगाली शिकविण्याचें काम मिळालें. पुढें संस्कृत व मराठी याही भाषा ते तेथें शिकवूं लागले. पगारांतील बहुतेक पैसा मिशनच्या सामाईक खजिन्यांत जाई. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें त्यांनीं मराठीचें व्याकरण १८०५ त व मोडी लिपींतील शब्द घेऊन कोश १८१० त छापिला. १८११ सालीं मराठी नवा करार निघाला. ती मराठी ओबडधोबड होती, हें खरें. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८२६ त नवें भाषांतर काढलें. पण पहिला नांगर घालणाऱ्याची तास थोडी वांकडी जावयाचीच.

त्यांचा एक दिवस कसा जाई हें १८०६ सालच्या त्यांच्या एका पत्रावरून कळतें. पहांटे उठून इब्री शास्त्राचा एक अध्याय व खाजगी प्रार्थना, मग चाकरांसह बंगालींत कुटुंबाची उपासना, मग मुनशीजवळ फारशी, न्याहारीनंतर पंडितासह रामायणाचें इंग्रजी भाषांतर, दहा ते दोन कॉलेज, परत आल्यावर प्रुफें तपासणें व मत्तयाचें संस्कृत भाषांतर, सायंकाळीं तेलंगी पंडित, रात्रीं उपदेश, आणि नऊनंतर पुन्हां बंगाली भाषांतर व पत्रें.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यांत कागदाच्या साठ्यास आग लागली. वॉर्डनें दारें-खिडक्या बंद करवून आग कोंडून धरली व वरून पाणी ओतविलें. कित्येक तास ती दबून राहिली. इतक्यांत कोणीतरी खिडकी उघडली, वारा आंत शिरला आणि सर्व इमारत पेटली. मध्यरात्रीं छप्पर कोसळलें. केरी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं मार्शमननें जाऊन त्यांस वर्तमान सांगितलें, तेव्हां त्यांस रडूं आवरेना. कागद, अनेक लिप्यांचे खिळे, अनेक भाषांच्या एकत्रित कोशाचीं बाडें, पंजाबी व तेलगू व्याकरणें, भाषांतराचे कागद, वर्षांनुवर्षांची मेहनत एका रात्रींत राख झाली.

पुढच्या आदितवारीं केरींनीं शेहेचाळिसाव्या स्तोत्रावरून उपदेश केला, म्हणजे स्तब्ध राहून देव हाच देव आहे हें ओळखण्याविषयीं. परंतु स्तब्ध राहणें याचा अर्थ त्यांनीं हात जोडून बसणें असा कधीं केला नाहीं. पांच छापयंत्रें वांचलीं होतीं. राखेंत खिळे ओतण्याचे पोलादी ठसे शाबूत सांपडले, आणि वितळलेल्या शिशाच्या लाद्याही मिळाल्या. जवळचीच एक मोठी वखार नुकतीच रिकामी झाली होती. पंचानन कर्मकाराचा जांवई मनोहर व त्याचे कारागीर रात्रंदिवस खिळे ओतूं लागले, आणि थोड्याच महिन्यांत कित्येक भाषांची छपाई पुन्हां चालू झाली. केरी व त्यांचे पंडित जळलेलीं भाषांतरें पहिल्यापासून लिहावयास बसले. एकदां चाललेली वाट दुसऱ्यांदा अधिक नेमकी सांपडते, असें त्यांस वाटे. इंग्लंडांत वर्तमान कळतांच मंडळ्यांनीं नुकसानीची सर्व रक्कम सुमारें दोन महिन्यांत भरून काढिली.

१८२९ च्या डिसेंबरांत सतीबंदीच्या कायद्याचा कागद बंगालींत भाषांतर करावयास आला तो आदितवारीं. केरींनीं त्या दिवसाचा उपदेश दुसऱ्यावर सोंपविला व सायंकाळपर्यंत भाषांतर पुरें केलें. उशीर झाला तर आणखी किती बायका जळतील, हें त्यांच्या मनांत होतें.

बागेचा त्यांस लहानपणापासून नाद. अखेरीस पाय चालेनासे झाले, तेव्हां चाकांच्या खुर्चींत बसवून त्यांस श्रीरामपूरच्या बागेंत नेत असत. तेंही जमेना तेव्हां माळी खोलींत येऊन झाडांची हकीकत सांगे. ९ जून १८३४ रोजीं सकाळीं ते तेथेंच प्रभूजवळ गेले.