पदवीधर संगीतगुरू : कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे

आपल्या संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यापीठाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा गौरव करण्याचा प्रघात जुना आहे. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक यांची नावे व्यासपीठावरून वाचली जातात, श्रीफळ व पुष्पगुच्छ हाती दिला जातो आणि वडीलधाऱ्यांचे डोळे कौतुकाने भरून येतात. या नामावळीत संगीताचा शिक्षक मात्र क्वचितच आढळतो. पदवी मिळवून कोणी गाणे शिकवू लागला, तर त्याच्या पदवीचे चीज झाले नाही असे घरच्यांस वाटते. ही समजूत किती उणी आहे हे ध्यानात यावे, म्हणून यंदाच्या अंकात मुंबई विद्यापीठाच्या अशाच एका पदवीधराचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न आम्ही हेतुतः बाजूस ठेवतो. विद्या ही कोणा एका कुळाची मिरास नव्हे, हे ज्यांनी जन्मभर झटून सिद्ध केले, त्यांस ज्ञातीच्या कुंपणात उभे करणे आम्हांस उचित वाटत नाही.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वरी १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळअष्टमीच्या शुभदिनी झाला. घरची स्थिती मध्यम होती. बालपणीच त्यांस बासरीचा छंद लागला व गळाही गोड होता. परंतु त्या काळी गाणेबजावणे हा सभ्य गृहस्थाच्या मुलाने करावयाचा उद्योग मानला जात नसे. शिक्षण घ्यावे, नोकरी वा वकिली करावी आणि कुटुंबाचा भार उचलावा, हाच राजमार्ग होता. भातखंडे यांनी तो मार्ग सोडला नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, म्हणजे विद्यापीठ त्यांच्याहून अवघ्या तीन वर्षांनी वडील. एल्फिन्स्टन कॉलेजातून शिकून ते १८८५ साली बी. ए. झाले व १८८७ साली एल्एल्. बी. झाले. अभ्यासाच्या जोडीने वल्लभदास दामुलजी यांजकडे त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले. पुस्तक आणि सतार या दोहोंची ही संगत पुढे त्यांच्या आयुष्याचे कार्य ठरली.

मुंबईत त्या वेळी गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था होती. कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांनी ती १८७० साली स्थापिली होती. सुशिक्षित कुटुंबांत अभिजात संगीताची आवड उत्पन्न करावी हा तिचा उद्देश. १८८४ साली भातखंडे तिचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांजकडून ध्रुपदे आणि अली हुसेन व विलायत हुसेन यांजकडून ख्याल, अशा शेकडो चिजा त्यांनी मुखोद्गत केल्या. पण विद्यापीठात शिकलेल्या या तरुणास नुसत्या पाठांतराने समाधान होईना. हा राग याच स्वरांनी का गावा, दोन गवयांच्या एकाच रागात फरक का पडतो, ग्रंथात एक व गळ्यात दुसरे असे का, हे प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईनात. गुरूंजवळ विचारावे तर परंपरेने असे चालत आले आहे, एवढेच उत्तर मिळे.

त्यांनी काही काळ कराचीस व पुढे मुंबईस वकिली केली. संसार मांडला. परंतु १९०० साली पत्नी निवर्तली व १९०३ साली एकुलती एक कन्याही गेली. चाळिशी नुकती उलटलेल्या माणसाचे घर असे तीन वर्षांत रिकामे झाले. अशा आघाताने कोणी विरक्त होतो, कोणी खचतो. भातखंडे यांनी वकिली आवरती घेतली व उरलेले सारे आयुष्य संगीताच्या शोधास वाहिले. ज्या घरात स्वतःचे मूल उरले नाही, त्या घरातून पुढे हजारो मुलांची पाठ्यपुस्तके निघाली, हे त्यांचे चरित्र लिहिताना आमच्या मनातून जात नाही.

१९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा अशी गावे घेत ते एट्टयपुरमला पोहोचले व तेथे सुब्बराम दीक्षित या थोर पंडितांस भेटले. व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात रचिलेल्या चतुर्दण्डिप्रकाशिका या ग्रंथाची पोथी त्यांच्या हाती आली. त्यात स्वरांच्या हिशेबाने ७२ मेळ सांगितले असून कोणताही राग कोणत्या तरी मेळात बसविता येतो. उत्तरेत तोपर्यंत सहा राग, त्यांच्या रागिणी व त्यांचे पुत्र अशी कुटुंबव्यवस्था चालत होती. ती काव्यास शोभणारी होती, पण एका रागिणीस या रागाचीच भार्या का म्हणावे, याचे कारण स्वरांतून सांगता येत नसे. पुढे १९०७ व १९०८ साली त्यांनी नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर इत्यादी स्थळे पाहिली. जेथे ग्रंथसंग्रह तेथे पोथ्या उतरून घ्याव्या, जेथे जुना गवई तेथे त्याच्यासमोर बसून चिजा ऐकाव्या व टिपून घ्याव्या, असा त्यांचा क्रम असे.

या श्रमाचे फळ म्हणजे आज गायनवर्गात शिकणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असलेले दहा थाट. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा चौकटींत त्यांनी उत्तरेकडील प्रचलित राग लावून दाखविले व बिलावलाचे सप्तक शुद्ध स्वरांचे सप्तक म्हणून पायास धरले. त्याचबरोबर सोपी स्वरलिपी सिद्ध केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू व तार स्वरावर बिंदू, समेस फुली आणि खालीस शून्य. ज्यास मराठी वाचता येते त्यास ही लिपी थोड्या दिवसांत वाचता येते. छापखान्यासही फारसा नवा खिळा पाडावा लागत नाही. शिक्षक म्हणून आम्हांस यात त्यांची खरी दृष्टी दिसते. साधन असे हवे की ते गरिबाच्या पाटीवरही मावावे.

त्यांनी ग्रंथही विपुल लिहिले. चतुरपंडित या नावाने संस्कृतात श्रीमल्लक्ष्यसंगीतम्, आणि विष्णुशर्मा या नावाने मराठीत हिंदुस्थानी संगीतपद्धति हा चार भागांचा ग्रंथ, १९१० पासून १९३२ पर्यंत. हा मराठी ग्रंथ गुरु व शिष्य यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. शिष्य शंका विचारतो, गुरु न रागावता उत्तर देतो, आणि जे गुरूस निश्चित सांगता येत नाही तेथे तसे कबूलही करतो. स्वतःचे नाव मागे ठेवून टोपणनावाने लिहिण्यात त्यांचा विनय होता. याखेरीज क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्यांनी सुमारे १,८०० चिजा स्वरलिपीसह छापून सर्वांपुढे ठेवल्या. रागाचे नियम त्याच रागाच्या स्वरांत गाऊन सांगणारी लक्षणगीतेही रचिली, म्हणजे नियम पाठ करताना मुलाचा गळाही तयार व्हावा.

या चिजा आल्या कोठून, हे सांगितल्याविना चरित्र पुरे होणार नाही. जयपूरचे महंमद अली खाँ व त्यांचे पुत्र आशक अली, रामपूरचे वजीर खाँ, ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित, अशा अनेक गुणीजनांनी आपला ठेवा त्यांस दिला. कित्येक घराण्यांत एक एक अस्ताई ही दागिन्यासारखी जपली जाई, मुलीच्या लग्नात जावयास आंदण द्यावी तशी. ती छापून चार आण्यांच्या पुस्तकात यावी ही कल्पना पुष्कळांस सहन होण्यासारखी नव्हती. ज्या उस्तादांचे पोटच त्या चिजांवर चालत होते, त्यांची भीती आज आपण हसण्यावारी नेऊ नये. त्यांनी दिले म्हणून आपणांस मिळाले.

केवळ ग्रंथ लिहून शिकविणारे तयार होत नाहीत हे जाणून भातखंडे यांनी संस्थांकडे लक्ष वळविले. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांच्या आश्रयाने १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांनी भरविली. पुढे १९१८ साली दिल्लीस, १९१९ साली काशीस, आणि १९२४ व १९२५ साली लखनौस अशा परिषदा झाल्या. एकाच मांडवात पंडित व उस्ताद बसून रागांच्या स्वरूपाविषयी चर्चा करू लागले. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी १९१८ साली संगीत विद्यालय काढले, त्यासाठी तेथील गवई नव्या पद्धतीचे शिक्षण घेण्यास मुंबईस भातखंडे यांजकडे आले होते. मैफिली गाजविणाऱ्या पुरुषांनी विद्यार्थी होऊन पुन्हा स्वर लिहिण्यास बसावे, यात शिकणारे व शिकविणारे या दोघांचीही थोरवी आहे. त्यांतील राजाभैया पूछवाले पुढे त्या विद्यालयाचे नामवंत आचार्य झाले. दिल्लीस राष्ट्रीय संगीत अकादमी काढण्याचा मनोदय सिद्धीस गेला नाही. पण १९२६ साली राय राजेश्वर बली व राय उमानाथ बली यांच्या साहाय्याने लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास दिले होते. तेच पुढे भातखंडे यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, २००० साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व २०२२ साली त्याचे संस्कृती विश्वविद्यालय झाले.

थोरांचे चरित्र लिहिताना दोष झाकण्याची रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. भातखंडे यांच्या लेखनात अनपढ उस्तादांविषयी कठोर शब्द आढळतात, आणि ते वाचताना मन खिन्न होते. दहा थाटांत सर्व राग नीट बसत नाहीत, हा आक्षेपही खरा आहे. गाणे ही गुरुमुखाची विद्या, पुस्तकातून गवई होत नाही, असे त्यांचे टीकाकार म्हणत, व त्यातही तथ्य आहे. त्यांचे समकालीन पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून स्वतंत्र स्वरलिपी व स्वतंत्र शिष्यपरंपरा निर्माण केली. या दोन विष्णूंचे मार्ग एकमेकांस फारसे मानवले नाहीत. पलुस्करांनी गाणे देवळाच्या पायरीवरून व सभेच्या व्यासपीठावरून लोकांत नेले, भातखंडे यांनी ते पोथीतून फळ्यावर आणले. आमच्या मते गवई घडविणे हे भातखंडे यांचे मुख्य साध्य नव्हतेच. ज्याच्या घरी तंबोरा कधी वाजला नाही, त्या घरच्या मुलासही भूप आणि देसकार यांतील भेद कळावा, हे त्यांचे साध्य होते. ते सिद्धीस गेले.

तरीही शिष्य घडला नाही असे नव्हे. बालवयातच त्यांजपाशी आलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांस त्यांनी शिकविले. पुढे बडोद्यास फैयाज खाँसाहेबांची तालीम त्यांस मिळाली. रातंजनकर हेही मुंबई विद्यापीठाचे बी. ए., १९२६ सालचे. पदवी घेऊन ते लखनौस गेले व त्यांनी अनेक वर्षे त्या महाविद्यालयाचे आचार्यपद भूषविले. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर ही मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. सुमती मुटाटकर या त्यांच्या शिष्येने पुढे दिल्ली विद्यापीठात संगीताचे अध्यापन केले. ज्या विद्येची सभ्य घरच्या मुलीस दारे बंद होती, ती शिकविण्यास एक विदुषी विद्यापीठात उभी राहिली, याहून गुरूच्या कार्याचे मोठे प्रमाण कोणते?

अखेरची वर्षे कष्टात गेली. १९३३ साली पक्षाघाताचा झटका आला, मांडीचे हाड मोडले आणि ज्यांनी सारा हिंदुस्थान पायाखाली घातला ते अंथरुणास खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांनी देह ठेवला. कृष्णजन्माच्या दिवशी आलेले पंडितजी विद्येच्या देवतेच्या आगमनादिवशी गेले. १९६१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आम्ही जन्मभर शाळेत शिकविले. वेळापत्रकात संगीताचा तास बहुधा शेवटी असे, आणि परीक्षा जवळ आली की तोच प्रथम काढून घेतला जाई. संगीताचे मास्तर काही न बोलता पेटी उचलून ठेवीत. त्या वेळी आम्हीही तो तास गणितासाठी आनंदाने घेतला, हे आज कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते. आपल्या ज्ञातीतही पदवीधर असून गाणे शिकविणारे स्त्रीपुरुष आहेत. घरच्या एका खोलीत, शाळेच्या व्हरांड्यात ते मुलांकडून स्वर घोटून घेतात. पुढील समारंभात वकील व डॉक्टर यांच्या रांगेत त्यांनाही मानाने बसवावे आणि त्यांची पदवी व त्यांची विद्या ही दोन्ही व्यासपीठावरून उच्चारली जावीत, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.