समर्थहृदय शंकर श्रीकृष्ण देव : पोथीपासून घळीपर्यंत

संप्रदायाची निष्ठा आणि संशोधनाची शिस्त एकाच व्यक्तीच्या ठायी नांदू शकतात काय, हा मराठी संतसाहित्याच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांचे चरित्र म्हणजे या प्रश्नाला मिळालेले एक अपुरे, पण मोलाचे उत्तर होय.

व्यवसायाने वकील असलेल्या देवांनी १८९३ साली धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. त्याच्या सतरा वर्षे आधी खानदेशातील एका गावी हे कार्य सुरू झाले होते. रामदासी मठांतील बाडे वाळवी, ओल आणि उपेक्षा यांमुळे नष्ट होत होती. देवांनी मठोमठी हिंडून ती मिळवली, ताडून पाहिली आणि प्रकाशित केली. परांडा तालुक्यातील डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून त्यांनी १९०५ साली दासबोध छापला. त्यामुळे ग्रंथाच्या पाठचर्चेला एक निश्चित आधार लाभला. ‘रामदास आणि रामदासी’ या मालिकेने पुढे इतर साहित्य अभ्यासकांच्या हाती दिले.

पोथी हाती आल्यावर ती कोठे रचली गेली, हा प्रश्न ओघानेच पुढे आला. परंपरा शिवथरच्या घळीचे नाव सांगत होती. मात्र स्थळ विस्मृतीत गेले होते. वरंधा घाटाच्या पायथ्याच्या खोऱ्यात कसबे, आंबे व कुंभे अशी तीन शिवथरे आहेत. सातारा परिसरातही एक शिवथर आहे. १९३० साली देवांनी महाड तालुक्यात, कुंभे शिवथरनजीक धबधब्याआडची घळ दासबोधाचे जन्मस्थान म्हणून निश्चित केली. सुंदरमठाच्या नेमक्या जागेविषयी पुढे मतभेद झाले. तरी या खोऱ्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळले ते देवांमुळेच.

शिवाजी महाराज व समर्थ यांच्या भेटीच्या वादात मात्र त्यांची निष्ठा अधिक ठळक दिसते. ही भेट १६४९ साली झाली, असा देवांचा पक्ष होता. धुळ्याचेच गो. का. चांदोरकर आणि पुढे गो. चि. भाटे यांनी १६७२ चा पक्ष मांडला. देवांनी आपले मत सोडले नाही. त्यांच्या अनुमानांत भक्तीचा वाटा होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि संशोधकाची कसोटी केवळ निष्कर्षांवर लागत नाही. निष्कर्ष तपासता येतील अशी साधने तो मागे ठेवतो की नाही, हेही पाहावे लागते. समर्थांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकि रामायणासह असंख्य हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली. देवांच्या मतांचे खंडन करू पाहणाऱ्यालाही देवांनी राखलेल्या बाडांकडेच जावे लागते. त्यांच्या सभेची खरी थोरवी यातच आहे.